ट्रकला चकाकी किती हवी?
एमएच-२६ नांदेडचा असो की एमएच-२४ लातूरचा, बॉडी बांधताना मालक आधी रंग विचारतो. विचारायला हवं ते रंगाखालचं. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात; प्रायमर त्यांना पत्र्यापासून दूर ठेवतो. पुट्टीचं काम पोचे बुजवण्यापुरतंच. उसाच्या ओझ्याने चासी पिळली की पत्रा लवतो, जाड पुट्टी तडकते आणि चिरेतून पाणी आत शिरतं. म्हणून गुळगुळीत घासाई केबिनपुरती पुरे. ऊस रोज घासणाऱ्या फाळक्यांवर ती उधळपट्टीच. (नक्षी मात्र हौसेने काढा!) उरलेला पैसा वेल्डिंगच्या जोडांवर आणि हौद्याच्या खालच्या बाजूला घाला. आणि मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहू नका; महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला बंदी आहे.