ट्रेलर जोडला, रेंज गेली कुठे?

इलेक्ट्रिक गाडीची जाहिरात दिसली की तुमची नजर आधी कुठे जाते? रेंजवर. एका चार्जमध्ये किती किलोमीटर? मग ही गोष्ट ऐकाच. फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक २०२२ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर आला. त्याच्या प्लॅटिनम मॉडेलची अधिकृत रेंज ३०० मैल, म्हणजे साधारण ४८० किलोमीटर. ‘मोटरट्रेंड’ मासिकाने त्याच्यामागे कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून तो हायवेवर पळवला. रेंज उरली साधारण १८५ किलोमीटर! आणि हा त्यांचा सगळ्यात हलका ट्रेलर होता, सुमारे १,४०० किलोचा. मग ३,२०० किलोंच्या वरचा जोडला. साधारण १४५ किलोमीटर.

आता आकडे पुन्हा बघा. वजन दुपटीहून जास्त वाढलं, तरी रेंज फक्त ४० किलोमीटरने घटली. पण पहिल्या हलक्या ट्रेलरनेच जवळपास ३०० किलोमीटर गिळले होते. म्हणजे खरा गुन्हेगार वजन नाही. हवा आहे!

स्कूटरवर पायाशी २५ किलोची तांदळाची गोणी ठेवलीत तर ती निघताना आणि चढावर जाणवते, एकदा वेग पकडला की विसरायला होतं. पण मागे बसलेल्या मित्राने छत्री उघडली तर? (कृपया करून बघू नका.) छत्रीचं वजन ते काय, पण गाडी जागच्या जागी ओढली जाते. कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे चाकांवरची भलीमोठी उघडी छत्री. ट्रकच्या टपाच्या वर, बाजूंनाही बाहेर आलेली चौकोनी भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे अकरावीला पाठ केलंच असेल. ताशी १०० ऐवजी ८० ने गेलात तर तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून ट्रेलर ओढताना रेंज वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाय जरा हलका ठेवणं.

वजनाचं एक बरं असतं. चढावर खर्च झालेल्या ऊर्जेतली थोडी उतारावर परत मिळते, कारण इलेक्ट्रिक मोटर ब्रेक लावताना उलटी फिरून नव्हे, तर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. हवेशी झुंजण्यात गेलेली ऊर्जा मात्र गेलीच.

ताकदीचा प्रश्नच नाही. लाइटनिंग साडेचार हजार किलो ओढू शकतो, आणि इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. प्रश्न आहे किती लांब ओढणार याचा. रिव्हियन ही कंपनी तर स्वतःच सांगते की आमचा ट्रक पूर्ण क्षमतेने ओढत असेल तर रेंज निम्मी धरा.

पेट्रोल ट्रकचं मायलेजही ट्रेलर लावल्यावर पडतंच की, मग ओरड इथेच का? कारण लाइटनिंगच्या मोठ्या १३१ किलोवॉट-अवर बॅटरीत जेवढी ऊर्जा मावते, तेवढी जेमतेम १५ लिटर पेट्रोलमध्ये असते. पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, मोटर फार कमी वाया घालवते, म्हणून एरवी इलेक्ट्रिक ट्रक आरामात पुढे असतो. पण ट्रेलरने खर्च दुप्पट केला की छोटी ‘टाकी’ उघडी पडते. पेट्रोलवाला पाच मिनिटांत भरून निघतो. इलेक्ट्रिकवाल्याला चार्जिंगला थांबावं लागतं, शिवाय बहुतेक चार्जिंग स्टेशन्स पार्किंगच्या जागेसारखी असल्याने ट्रेलर सोडवून बाजूला लावायचा, चार्ज करायचा, पुन्हा जोडायचा. दर दीडशे किलोमीटरला! बोट, घोडे, कॅरॅव्हॅन ओढायला ट्रक घेणारा अमेरिकन वैतागणारच.

आणि वैतागला. रॅम कंपनीने २०२५ मध्ये फक्त बॅटरीवर चालणारा मोठा पिकअप गुंडाळला. त्याऐवजी चाकं मोटरच फिरवेल, पण बॅटरी भरायला पेट्रोलचं इंजिन सोबत असेल, असा ट्रक आणायचं ठरलं. त्याच वर्षाच्या शेवटी फोर्डनेही लाइटनिंगसाठी हाच रस्ता धरला.

म्हणजे इलेक्ट्रिक आणि अवजड हे जमतच नाही का? टेस्लाच्या सेमी ट्रकने २०२२ मध्ये मालासह एकूण ३६ हजार किलोंच्या वर वजन घेऊन एका चार्जमध्ये ५०० मैल कापले. फरक असा की तो ट्रक मुळात ट्रेलर ओढण्यासाठीच बनवलाय, बॅटरी प्रचंड आहे, आणि त्याची रेंज मालासकट सांगितली जाते.

आपल्याकडे कॅम्पिंग ट्रेलर ओढत फिरणारे विरळाच, पण कंटेनर ओढणारे ट्रक रोज उरणच्या रस्त्याला दिसतात. जेएनपीए बंदरात २०२५ मध्ये इलेक्ट्रिक ट्रक आले ते बॅटरी बदलता येणारे. बंदराच्या आसपासच्या छोट्या फेऱ्या, वेग बेताचा, आणि चार्ज संपला की काही मिनिटांत भरलेली बॅटरी लावून ट्रक पुन्हा कंटेनरखाली.