चित्राखाली एकच सही

आज एका अमेरिकन निसर्गचित्रकाराची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव एडवर्ड मिशेल बॅनिस्टर. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी क्रिस्टियाना यांचीही ओळख करून घ्यायची आहे, कारण एकाला सोडून दुसऱ्याची गोष्ट पुरी होत नाही.

बॅनिस्टर कृष्णवर्णीय होते. त्यांचा जन्म 1828 च्या सुमारास कॅनडातल्या सेंट अँड्र्यूज या बंदराच्या गावी झाला. चित्रांची गोडी आईनं लावली, पण आईवडील लवकर गेले. बोटीवर स्वयंपाकी म्हणून राबून ते अमेरिकेतल्या बोस्टन शहरात आले. तिथं गुलामगिरी नव्हती, पण भेदभाव होताच. कृष्णवर्णीय तरुणाला चित्रकला शिकवायला कोणी तयार होईना.

क्रिस्टियाना बोस्टनमध्ये केशरचनेचा स्वतःचा व्यवसाय चालवत. लोकांमध्ये त्या ‘केसांची डॉक्टरीण’ म्हणून ओळखल्या जात. त्यांच्याच दुकानात बॅनिस्टर यांना काम मिळालं. 1857 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि थोड्याच काळात बॅनिस्टर पूर्णवेळ चित्रं काढू लागले.

हे कसं जमलं? तैलचित्राला कापड लागतं, महागडे रंग लागतात. एकेक थर वाळायला दिवस जातात. चित्र विकलं जाईल याचीही खात्री नसते. तेवढे दिवस चूल पेटती ठेवायला कोणाची तरी नेमाची कमाई लागते. ती क्रिस्टियाना यांची होती. शिवाय चित्रात काय कमी आहे हे त्या स्पष्ट सांगत आणि ते कुठं मांडावं याचा सल्लाही देत. आपलं मोठं यश पत्नीमुळंच मिळालं, असं बॅनिस्टर यांनी स्वतः सांगितलं आहे.

त्या केवळ घरापुरतं पाहणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर मिळत. कृष्णवर्णीय शिपायाला 10, त्यातूनही 3 डॉलर कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीनं असा कमी पगार घ्यायचाच नाकारला. 1864 मध्ये क्रिस्टियाना यांनी या शिपायांच्या मदतीसाठी जत्रा भरवून पैसे उभे केले. बॅनिस्टर यांनी त्या जत्रेसाठी पलटणीच्या दिवंगत सेनाधिकाऱ्याचं चित्र काढून दिलं.

पुढं दोघं प्रॉव्हिडन्स शहरात राहायला गेले. 1876 मध्ये फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं. बॅनिस्टर यांच्या ‘अंडर द ओक्स’, म्हणजे ओक वृक्षांखाली, या चित्राला तिथं पहिल्या बक्षिसाचं कांस्यपदक जाहीर झालं. चौकशीला ते स्वतः गेले, तेव्हा त्यांचा रंग पाहून त्यांना आधी तुसडेपणानं वागवलं गेलं. चित्रकार कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर निर्णय फिरवण्याच्या हालचालीही झाल्या. पण स्पर्धेतले दुसरे चित्रकार त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि पदक त्यांनाच मिळालं. ते चित्र आज कुठं आहे, ते सापडत नाही. त्यांची इतर अनेक चित्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. त्यातल्या 1886 च्या ‘अप्रोचिंग स्टॉर्म’मध्ये येणाऱ्या वादळात वाऱ्याला अंग देत चाललेला एक माणूस दिसतो.

1890 मध्ये क्रिस्टियाना यांच्या पुढाकारानं प्रॉव्हिडन्समध्ये वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी घर सुरू झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून म्हातारपणी निराधार झालेल्या बायकांना तिथं आसरा मिळाला. बॅनिस्टर 1901 मध्ये वारले. क्रिस्टियाना यांचा पुतळा रोड आयलंडच्या विधानभवनात बसायला मात्र 2002 साल उजाडलं.

मैत्रिणींनो, चित्राखाली सही एकाचीच असते. आपल्याकडेही दुकानाच्या पाटीवर, सातबाऱ्यावर बहुतेक एकच नाव असतं. गटातून उचललेल्या कर्जावर घरात काय काय उभं राहिलं आणि ते कोणाच्या नावावर आहे, याची यादी पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं करून आणावी.