दार उघडलं, पण दिवा लागेना?

पुण्यातल्या पावसाळ्यात गाडीचा आतला दिवा रुसला, की अनेकजण नवा बल्ब आणायला थेट नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं गाठतात. त्याआधी दोष नेमका कुठे आहे, ते पाहावं.

छतावरच्या दिव्याच्या बटणाला सहसा तीन जागा असतात: चालू, दार, बंद. ‘चालू’वर दिवा लागतो, पण दार उघडल्यावर लागत नाही, म्हणजे बल्ब शाबूत आहे. मग दाराच्या चौकटीतला स्विच तपासावा. जुन्या गाड्यांत त्याची रबरी टोपी फाटते, पाणी शिरतं, आतला संपर्क गंजतो आणि अर्थिंग मिळत नाही. तो संपर्क सॅंडपेपरने घासला तरी बऱ्याचदा काम भागतं.

‘चालू’वरही अंधारच? मग आधी फ्यूज. उडालेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा.

फ्यूज ठीक असेल तर दिवा बंद करून कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचकटावं. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा बल्ब अनेक गाड्यांत असतो. लांबी ३१, ३६ किंवा ४१ मिलीमीटर. म्हणून दुकानात जुना बल्बच न्यावा. एलईडी बसवून उजेड पडला नाही, तर तो उलटा फिरवून बसवावा. त्याला धन-ऋण टोकं असतात.