रजोनिवृत्तीनंतरचे वजन : प्रश्न किलोंचा की कमरेच्या घेराचा?

भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांत स्त्रीच्या आयुष्याचा जो कालखंड केंद्रस्थानी राहिला, तो प्रामुख्याने मातृत्वाचा होय. गर्भारपण, प्रसूती, कुटुंबनियोजन आणि रक्तक्षय या प्रश्नांभोवती अनेक योजना उभ्या राहिल्या व त्यांची फळेही दिसू लागली. प्रजननक्षम वय संपल्यानंतरच्या आयुष्याकडे मात्र त्या प्रमाणात लक्ष गेले नाही. भारतात नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ वर्षांच्या जवळपास आढळते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१६-२० या काळात भारतीय स्त्रीचे जन्मावेळचे सरासरी आयुर्मान ७१.४ वर्षे होते. म्हणजेच स्त्रीच्या आयुष्याचा किमान एकतृतीयांश काळ रजोनिवृत्तीनंतरचा असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि अस्थिक्षय हे विकार याच काळात बळावतात. त्यांपैकी पहिल्या तिन्हींच्या मुळाशी असणारे एक समान कारण म्हणजे पोटाभोवती साठणारी चरबी. या चरबीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय वजन नियंत्रणाचा विचार योग्य दिशेने होऊ शकत नाही.

रजोनिवृत्तीत शरीरात काय घडते?

सलग बारा महिने मासिक पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. तत्पूर्वीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या काळात अंडाशयांचे कार्य मंदावते आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण प्रथम अनियमित होऊन नंतर घटते. इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे तारुण्यात चरबी मुख्यत्वे नितंब व मांड्यांच्या ठिकाणी त्वचेखाली साठते. तो प्रभाव ओसरल्यावर ती पोटाच्या पोकळीत, यकृत व आतड्यांच्या सभोवती साठू लागते.

ही उदरस्थ चरबी केवळ साठवणुकीचे कोठार नसते. तिच्यातून बाहेर पडणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद मंदावतो. परिणामी रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण वाढते. याच सुमारास इस्ट्रोजेनच्या अभावी अपायकारक कोलेस्टेरॉलही वाढते. रजोनिवृत्तीपूर्वी हृदयविकारापासून स्त्रीला लाभणारे सापेक्ष संरक्षण त्यामुळे कमी होते. शिवाय रजोनिवृत्तीनंतर मेदपेशी इस्ट्रोजेननिर्मितीचे प्रमुख स्थान बनतात. म्हणून लठ्ठपणाचा संबंध स्तनाच्या व गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाशीही येतो.

वाढीचे कारण : वय की रजोनिवृत्ती?

'पाळी गेली आणि वजन वाढले' ही समजूत सर्वत्र आढळते. ती अंशतःच खरी आहे. अमेरिकेत १९९६ पासून विविध वंशांच्या स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दृष्टीने उद्बोधक आहेत. शरीराचे एकूण वजन मध्यम वयात संथपणे वाढतच असते. रजोनिवृत्तीच्या टप्प्यावर त्या वेगात विशेष बदल होत नाही. मात्र शेवटच्या पाळीपूर्वी सुमारे दोन वर्षांपासून चरबी वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि त्याच वेळी स्नायूंचे वस्तुमान घटू लागते. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांपर्यंत ही प्रक्रिया चालू राहते.

याचा अर्थ असा की, वजनाच्या काट्यावर फारसा फरक न दिसताही शरीराची घडण आतून बदललेली असू शकते. स्नायू हे विश्रांतीच्या अवस्थेतही ऊर्जा खर्च करणारे ऊतक आहे. ते कमी झाले की शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि पूर्वीइतकाच आहार अधिक ठरतो. रात्रीचा घाम व अंगातून वाफा निघणे यांमुळे झोप खंडित होते. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढते व दिवसाची हालचाल मंदावते. त्यात सांधेदुखीची भर पडली की हे चक्र अधिकच घट्ट होते.

भारतीय देहयष्टीचे वैशिष्ट्य

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'कृश तरीही मेदयुक्त' शरीररचनेची संकल्पना मांडली. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध आहे. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, २२.३ होता. तथापि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. एकच निर्देशांक दोन भिन्न वास्तवे झाकू शकतो, हे या उदाहरणाने स्पष्ट झाले.

यास्तव भारतीयांसाठी निराळे निकष आवश्यक ठरले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ ते २४.९ हा निर्देशांक अतिवजनाचा आणि २५ व त्यापुढील निर्देशांक लठ्ठपणाचा मानावा, अशी शिफारस केली. कमरेच्या घेराची मर्यादा स्त्रियांसाठी ८० व पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ठरविण्यात आली.

आकडेवारी काय दर्शविते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील अतिवजन किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के, २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २४ टक्के होते. येथे निर्देशांकाची मर्यादा २५ धरलेली आहे. शहरी भागात हे प्रमाण ३३.२, तर ग्रामीण भागात १९.७ टक्के आढळले. दिल्ली, पंजाब व तमिळनाडू येथे ते ४० टक्क्यांहून अधिक, तर झारखंडमध्ये सुमारे १२ टक्के होते. त्याच वेळी देशातील १८.७ टक्के स्त्रिया कृश होत्या. कुपोषणाचे हे दुहेरी ओझे परीक्षार्थींनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच पाहणीत कमर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तरही प्रथमच मोजण्यात आले. जोखीमदर्शक गुणोत्तर असलेल्या स्त्रियांचे प्रमाण तब्बल ५६.७ टक्के निघाले. वजनाच्या निकषाने चारांपैकी एक स्त्री जोखमीत दिसते; घेराच्या निकषाने दोहोंपैकी एकीहून अधिक. मोजपट्टी बदलली की प्रश्नाचे आकारमान बदलते, याचा हा बोलका पुरावा होय.

तथापि या पाहणीला एक मर्यादा आहे. उंची, वजन व घेर यांची मोजमापे ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांचीच घेतली जातात. साहजिकच रजोनिवृत्तीनंतरच्या बहुसंख्य स्त्रिया या आकडेवारीत येतच नाहीत. ही उणीव काही अंशी 'लासी' या वार्धक्यविषयक दीर्घकालीन अभ्यासाने भरून काढली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी झाली. ४५ वर्षे व त्यावरील ७० हजारांहून अधिक व्यक्तींचा तीत समावेश होता.

अकाली रजोनिवृत्तीचा प्रश्न

सर्वच स्त्रियांना रजोनिवृत्ती निसर्गक्रमाने येते असे नाही. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेल्यास इस्ट्रोजेनची पातळी एकाएकी कोसळते आणि वर उल्लेखिलेले सर्व बदल दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये अशा शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये उघडकीस आले. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाचा दंड आणि अपुरी आरोग्यसेवा अशी त्यामागची कारणे समोर आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांची अंमलबजावणी तीन महिन्यांत करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. रजोनिवृत्ती हा विषय केवळ जीवशास्त्राचा नसून श्रम व उपजीविकेशीही निगडित आहे, हे यावरून दिसून येते.

नियंत्रणाचे मार्ग : आहार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० किलोकॅलरी ऊर्जा व ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. प्रत्यक्षात तो सर्वसाधारणपणे ५० ते ७० टक्के असतो. भारतीय ताटातील मूळ दोष येथे आहे. भात-पोळीचे प्रमाण मोठे आणि डाळी, दूध, अंडी, मासे व भाज्या यांचे प्रमाण तोकडे असते. त्यातही घरातील स्त्री शेवटी जेवत असल्यास तिच्या वाट्याला पिष्टमय पदार्थच अधिक येतात.

म्हणून केवळ 'कमी खाणे' हा उपाय अपुरा, प्रसंगी घातकही ठरतो. उपासमारीने वजन उतरते, पण त्यात स्नायू व हाडे यांचीही झीज होते. रजोनिवृत्तीनंतर कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत वाढते, हेही लक्षात घेतले पाहिजे. धान्याचा वाटा कमी करून प्रथिनांचा वाढविणे हे अधिक हितावह. बिहारचे सत्तू, महाराष्ट्रातील मोड आलेली कडधान्ये, दक्षिणेतील नाचणी व सांबार, बंगाल-ओडिशातील मासे असे स्वस्त व परिचित पर्याय प्रत्येक प्रदेशात उपलब्ध आहेत. उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ मात्र पिष्ट व तेल यांचीच भर घालतात. तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात' कार्यक्रमात केले होते, ते याच संदर्भात महत्त्वाचे ठरते.

व्यायाम आणि वेळेचे अर्थशास्त्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. दुसरा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. रजोनिवृत्तीच्या काळात मात्र तोच निर्णायक असतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता वारंवार उठणे-बसणे, जिना चढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे अशा साध्या कृतींनीही स्नायू टिकविता येतात.

येथे सामाजिक वास्तव आड येते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण भारतीय स्त्रियांत ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते. दुसरीकडे, २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुष ९७ मिनिटे. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला 'व्यायाम करा' एवढेच सांगून भागत नाही. तिच्या वेळेची पुनर्वाटणी, सुरक्षित पदपथ आणि जवळची मैदाने या आरोग्याच्याच गरजा ठरतात.

चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे २००६ मधील निष्कर्ष या संदर्भात आशादायक आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार व हालचालीत बदल केल्यावर मधुमेहाची जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. या अभ्यासात पुरुषांची संख्या अधिक होती. तरी काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेले असे मानू नये, हा त्याचा बोध सर्वांना लागू पडतो.

औषधोपचाराची मर्यादा

संप्रेरक उपचारांनी अंगातून वाफा निघण्याचा त्रास व हाडांची झीज कमी होते. परंतु ते वजन घटविण्याचे औषध नव्हे. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग स्तनाचा कर्करोग व हृदयविकार यांच्या वाढत्या जोखमीमुळे थांबविण्यात आला. तेव्हापासून या उपचारांचा निर्णय वय व व्यक्तिगत जोखीम पाहून घेतला जातो. लठ्ठपणावरील तिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. त्यांनी वजन घटते, पण त्यासोबत स्नायूही घटू शकतात. त्यामुळे ती वैद्यकीय देखरेखीखालीच घेणे आवश्यक आहे. वजन अचानक वाढल्यास थायरॉईडची तपासणी करणेही इष्ट.

धोरणाची दिशा

असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांमार्फत केली जाते. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तक्ता भरते, त्यात स्त्रीच्या कमरेच्या घेराची नोंद असते. ८० व ९० सेंटिमीटर या मर्यादांनुसार गुण दिले जातात. आठवड्यातील १५० मिनिटांच्या व्यायामाविषयीही प्रश्न असतो. म्हणजेच प्रश्न वेळेवर ओळखण्याचे साधन गावपातळीवर पोहोचले आहे. त्यात पाळी बंद झाल्याचे वय व गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची नोंद जोडणे, जोखमीतील स्त्रीला आहार व व्यायामाचा सल्ला तेथेच मिळणे आणि राष्ट्रीय पाहण्यांतील मोजमापांची वयोमर्यादा वाढविणे ही पुढची पावले ठरू शकतात.

घेर मोजण्यास कापडी टेपखेरीज काही लागत नाही. सरळ उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर हे माप घेतले जाते. वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी रक्तदाब व रक्तशर्करेत सुधारणा होते. घेर कमी होणे हाही तितकाच महत्त्वाचा टप्पा आहे. चाळिशीच्या मध्यापासून ही नोंद नियमित ठेवली, तर चरबी वाढीचा वेग दुप्पट होण्याची ती मोजकी वर्षे हातची निसटणार नाहीत. पुढील दोन-तीन दशकांचे स्त्रीचे आरोग्य बव्हंशी त्याच वर्षांत घडते.