कराडजवळ खडकांची सोनोग्राफी

इमेजिंगमधील संशोधन म्हटले की एमआरआय आणि मुंबई-पुणेच आठवतात. परंतु केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी कराडजवळच आहे, याची दखल सातारा-सांगलीकडे फारशी घेतली जात नाही, हे खटकते.

१९६७ च्या भूकंपानंतरही कोयना परिसरात धक्के का बसत राहतात, याच्या शोधासाठी या प्रयोगशाळेच्या प्रकल्पात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर, म्हणजे खडकातील अरुंद छिद्र, घेण्यात आले. अशा विवरात सोडलेले उपकरण कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी भिंतीचे चित्र काढते. समोरासमोर टवके उडालेले दिसले, तर त्या रेषेच्या काटकोनात खडकावरील आडवा दाब सर्वाधिक असतो.

अशा संशोधनात यायचे तर भौतिकशास्त्र, भूविज्ञान वा भूभौतिकीत एमएस्सी, नेट-जेआरएफ आणि पीएचडी, अशी ही लांबची वाट आहे.