उच्च रक्तदाबावरील औषधे आणि दिनचर्या

उच्च रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या दिनचर्येत औषधांची नियमितता, मिठाचे मर्यादित सेवन, व्यायाम आणि रक्तदाबाचे घरगुती मापन यांना महत्त्व असते. या विकारात बहुधा कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे रक्तदाब सामान्य आल्यावर आजार बरा झाला, असे समजून अनेक रुग्ण गोळ्या सोडतात. प्रत्यक्षात तो बहुधा औषधामुळेच आटोक्यात असतो. उपचार थांबल्यास रक्तदाब पुन्हा वाढून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढतो.

औषधाची वेळ

गोळी रोज ठरावीक वेळी घेतल्यास ती विसरण्याची शक्यता कमी होते. ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ चाचणीत सकाळी व सायंकाळी गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. मूत्रल औषधे मात्र रात्री वारंवार लघवीला उठावे लागू नये म्हणून सहसा सकाळी दिली जातात. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट मात्रा घेऊ नये. अटेनोलॉलसारखी औषधे एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

आहार

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. महाराष्ट्रीय आहारात लोणचे, पापड, फरसाण व खारवलेली सुकी मासळी यांतून बरेच मीठ पोटात जाते. उपवासाला वापरले जाणारे सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते साध्या मिठाला सुरक्षित पर्याय ठरत नाही. ‘कमी सोडियम’ असलेल्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी औषधे घेणाऱ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात त्यामुळे पोटॅशियमची पातळी घातक प्रमाणात वाढू शकते. म्हणून असे मीठ वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे. मूत्रल औषधे चालू असताना निर्जळी उपवास केल्यास शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब एकदम घटण्याची शक्यता असते.

व्यायाम व इतर सवयी

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम मध्यम श्रमाचा व्यायाम उपयुक्त ठरतो. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काहींना उठताना चक्कर येते. अशा वेळी अंथरुणावर थोडे बसून मग उभे राहावे. तंबाखू व मिश्री वर्ज्य करावी आणि मद्यपान टाळावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि अनेक रक्तदाबरोधक औषधांचा परिणाम कमी होतो. त्यामुळे ती परस्पर घेऊ नयेत.

घरगुती मापन

मापनापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा. पाठीला आधार देऊन व पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मापन करावे. या नोंदी डॉक्टरांना दाखवल्यास मात्रा ठरवणे सोपे जाते. वजन घटल्याने व मीठ कमी केल्याने काहींची मात्रा कमी करता येते. मात्र हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.