कारखाना बंद पडला, पण त्याच्या मातीचे काय?

दरवर्षी एप्रिलमध्ये आपले हजारो बंधू-भगिनी महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर जातात. त्या भागातच, धार जिल्ह्यात, पीथमपूर ही औद्योगिक वसाहत आहे. २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून १२ बंद कंटेनर पोलीस पहाऱ्यात निघाले आणि सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून पहाटे पीथमपुरात पोहोचले. त्यांत युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा होता. वायुकांड घडले २ डिसेंबर १९८४ च्या रात्री. कचरा हलला चाळीस वर्षांनी! तोही उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली तेव्हा.

वायूची हकिकत आपल्याला ठाऊक आहे. मातीची फारशी कुणी सांगत नाही. सेविन नावाचे कीटकनाशक बनवणारा हा कारखाना वायुकांडाच्या आधीपासूनच आपला कचरा आवारातल्या खड्ड्यांत टाकत होता. १९७७ पासून कारखान्याच्या उत्तरेला तलाव खोदून त्यांत सांडपाणी सोडले गेले, उन्हाने आटावे म्हणून. तळाला प्लास्टिकचे अस्तर होते. ते गळते आहे, हे कंपनीच्याच १९८२ सालच्या कागदांत नमूद आहे. म्हणजे माहीत होते. भिंतीपलीकडच्या वस्त्यांतल्या मायबहिणी मात्र हापशाचे पाणी भरत राहिल्या. पाण्याला वास येतो, अंगाला खाज सुटते, अशा तक्रारी त्या करत होत्या. १९९९ मध्ये ग्रीनपीसने नमुने तपासले, तेव्हा आवारात पारा आणि भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड सापडले. नळाचे स्वच्छ पाणी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावे लागले आणि २०१२ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

आता हिशेब पाहू. आमचा धंदाच तो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या २०१० च्या अहवालानुसार तिथली सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. हलवला गेला ३३७ टन कचरा. शंभर रुपयांच्या देण्यात तीन पैसे भरले, आणि वर्तमानपत्रांत मथळे आले की भोपाळ विषमुक्त झाले!

हे तीन पैसे तरी कुठे भरायचे यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अंकलेश्वर झाले, आपल्या नागपूरजवळची भट्टी झाली, तळोज्याचे नाव निघाले, थेट जर्मनीला पाठवायची बोलणी २०१२ मध्ये फिसकटली. नागपुरात नको, अशा अर्जावर तेव्हा सह्या झाल्या. त्यांत माझीही होती. सही चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण नागपूरने नाकारलेले शेवटी पीथमपूरच्या गरिबाच्या दारात गेले, हे मनाला लागते. तिथेही ३ जानेवारीला मोठे आंदोलन झाले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. तरीही आधी चाचण्या घेऊन जून २०२५ अखेर सगळे जाळण्यात आले. जाळताना चुना वगैरे मिसळतात, त्यामुळे राख कचऱ्यापेक्षा जास्त निघाली, ८०० टनांहून अधिक. तीही कुठेतरी पुरायचीच आहे.

भोपाळच्या जागेवर स्मारक करायचे ठरले होते. २००५ मध्ये स्पर्धा घेऊन आराखडाही निवडला गेला. पुढची वीस वर्षे कागदातच गेली. स्मारक जरूर व्हावे. पण दूषित माती उपसून, खाली-वर पक्के अस्तर घातलेल्या खड्ड्यात बंद करणे आणि भूजल वर्षानुवर्षे उपसून शुद्ध करणे, हे आधी व्हायला हवे. नाहीतर वर बाग आणि खाली विष! खर्च कुणी करायचा? १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड वायूपीडितांसाठी होती, मातीसाठी नव्हे. २००१ मध्ये कार्बाइड विकत घेणारी डाऊ कंपनी जबाबदारी नाकारते. जमीन १९९८ पासून राज्य सरकारकडे आहे. एकूण काय, देणेकरी कुणीच नाही.

आपल्या घराकडेही बघा. रसायनांचे निळे ड्रम भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळतात म्हणून आपण त्यांत पाणी साठवतो. ते घेऊ नका. कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले जात नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पारा-शिसे जात नाही. तुमचा हापसा बंद कारखान्याच्या भिंतीलगत असेल, तर महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा लेखी अर्ज द्या. ‘जड धातू व रासायनिक द्रावकांची तपासणी’ असे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त जंतू तपासून कागद हातात देतील. अर्जावर वस्तीतल्या बायकांच्या सह्या आधी घ्या. पाणी त्याच भरतात. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.